क्षमस्व पाटीची आणि मनोऱ्याच्या संपाची बखर

श्रीचित्रदेवता प्रसन्न. ज्याचे घरी रंगीत त्यास रंगीत, ज्याचे घरी काळीपांढरी त्यास काळीपांढरी, आणि ज्याचे घरी पेटीच नाही त्यास शेजाऱ्याचे खिडकीतून, ऐशी समदृष्टीने सर्वांस दर्शन देणारी जी देवता, तीस नमस्कार करून शके १९१३, प्रजापतीनाम संवत्सरी, मनोऱ्यावर जो संप जाहला त्याची हकीकत लिहितो. लिहावयाचे कारण ऐसे की, संप म्हटला की लोक नाक मुरडतात, कामचुकारांचा धंदा म्हणतात, आणि संपवाल्यांनी एखादे चांगले काम केले तर ते गणपतीबरोबर पाण्यात बुडवून मोकळे होतात. केलेले उपकार विसरावे हा या राज्यातला जुना रोग, त्यास औषध नाही. आम्हांस कोणी वकीलपत्र दिले नाही आणि आम्ही मागितलेही नाही. परंतु ज्यांचे आभार मानावयाचे राहून गेले त्यांचे आभार कोठे तरी लिहून ठेवावे म्हणोन हा खटाटोप. पटेल त्याने वाचावे, न पटेल त्याने पान उलटावे आणि आपले कामास लागावे.

राज्याचे नाव सांगत नाही. सांगितल्यास तेथील लोक म्हणतील आमचेकडे ऐसे घडलेच नाही, आणि शेजारचे म्हणतील घडले ते आमचेचकडे. राज्याचे मध्यभागी टेकडी, टेकडीवर लोखंडी मनोरा, मनोऱ्याचे पायथ्याशी चित्रकोट म्हणोन इमारत, आणि तेथून दररोज दिवेलागणीस चित्रे व वार्ता निघत आणि घरोघरच्या पेट्यांमध्ये जाऊन पोचत. छपराछपरांवर अँटेना मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या, त्यांवर कावळे बसत, आणि कावळा बसला की चित्रास मुंग्या येत, मग घरातले एक माणूस वर चढे आणि खालचे ओरडत, ‘आलं, आलं, गेलं!’ ऐसा संसार. चित्रकोटाचे किल्लेदार अच्युतराव खांबेटे. गृहस्थ भला, भाषा शुद्ध, टिपण ऐसे लिहीत की वाचणारास डुलकी यावी. परंतु यंत्रास हात लावावयाचा तो फक्त खंडेनवमीस, हळदकुंकू वाहावयापुरता. यंत्रे हाकणारी मंडळी निराळी, त्यांत मुख्य सर्जेराव लोखंडे, ध्वनिखात्याचे. सर्जेरावांनी कळ वर केली तर बातम्या सांगणाराचा शब्द राज्यभर जाई, न केली तर तो सुंदर कोट घालून मुका बसे. हेच सर्जेराव युनियनचे पुढारी. आणि दुसरे दिगंबर जिनगर, अक्षरे काढणारे. मालिकेचे नाव, गाणाराचे नाव, पिकाच्या रोगाचे नाव, जे जे पेटीवर लिहिलेले दिसे ते दिगंबरच्या हातचे, आणि अक्षर ऐसे की पिकाचा रोगसुद्धा साजरा दिसावा.

या दिगंबरने फार वर्षांमागे एक पाटी केली होती. वीज जाई, फीत तुटे, वारा सुटून मनोरा कुरकुरे, तेव्हा प्रजेस काही तरी दाखवावे म्हणोन काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ एवढे दोन शब्द लिहून ठेविले होते. गडबड जाहली की ती पाटी लाकडी घडवंचीवर टेकवावयाची, तिजसमोर एक कॅमेरा कायमचा उभा, आणि चित्र सुधारेतो राज्याने ती पाहावयाची. राज्यातील प्रजा इतकी सोशिक की पाटी लागली की लोक उठून भाजी परतून येत, पाणी भरून येत, आणि परत येऊन पाहात तो पाटी तेथेच, तेव्हा म्हणत, ‘चला, काही चुकलं नाही.’

पुढे ऐसे जाहले की, त्या वर्षी गणपती बोळवून लोक रिकामे जाहले आणि प्रधानजींनी विचार केला की आता प्रजेस वेळ आहे, आता भाषण करावे. भाषण नगरातील मोठ्या मैदानी, तेथून तार ओढून चित्रकोटात, तेथून राज्यभर. प्रधानजी उभे राहिले, घसा खाकरला, बहुत बोलिले, आणि शेवटास येऊन हात उंचावून म्हणाले, ‘बंधुभगिनींनो, गेली पाच वर्षं आम्ही आपल्यावर राज्य केलं, त्याबद्दल...’ आणि तेवढ्यात मैदानातील तार कोणा बैलाचे पायात आली आणि तुटली, आणि चित्रकोटातील मंडळींनी रिवाजाप्रमाणे पाटी टेकविली. सारे राज्याने वाचले, व्यत्ययाबद्दल क्षमस्व. मग जे हसू उठले ते काय सांगावे. सुतक असलेल्या घरांतही लोक पदर तोंडास लावून हसले. प्रधानजींस हे मागाहून कळले, आणि आधी कानाच्या पाळ्या लाल जाहल्या आणि मग सारे तोंड, आणि विचारिते जाहले, ‘हे अक्षर कोणाचे?’ आता तार बैलाने तोडली, पाटी दुसऱ्याने टेकविली, दिगंबर त्या दिवशी मेहुणीच्या लग्नात वाढपी होता. परंतु अक्षर त्याचे, म्हणोन त्यास निलंबित केले. बैलास कोणी काही बोलिले नाही.

तेव्हा सर्जेराव लोखंडे यांनी मंडळी जमा केली आणि म्हणाले, ‘आज अक्षर चांगलं म्हणून माणूस गेला, उद्या आवाज स्वच्छ म्हणून मी जाईन. दिगंबर आत आल्याशिवाय आपण आत जायचं नाही, आणि आपल्यातल्या कुणाचा हात आतल्या कामाला लागायचा नाही.’ ऐसे बोलून आपले कळीवरचा हात काढिला आणि सर्व मंडळी, कॅमेरेवाले, दिवेवाले, फीत जोडणारे, रंगभूषेचे, फाटकाबाहेर येऊन हौसाबाईचे चहाचे टपरीवर बसली. टपरीत एक लहान पेटी होती, तीवर मंडळी आपलाच संप पाहात बसली. आत राहिले किल्लेदार आणि दोघे अंमलदार. त्यांनी बहुत खटपट केली, कळा वरखाली केल्या, एका कळीने वातानुकूलन बंद पडले, एकीने घंटा वाजू लागली ती थांबेना, आणि शेवटी दैवयोगाने पाटीसमोरचा कॅमेरा तेवढा चालू सापडला. मग अच्युतराव म्हणाले, ‘हे आहे ते असू द्या, आता कोणी कशाला हात लावू नका.’ त्या दिवसापासोन राज्यास दिवेलागणीपासोन निजानीजेपर्यंत पाटी दिसू लागली, दुसरे काही नाही. मालिका बंद, कुस्त्या बंद, भजने बंद. मालिकेतील सासूसुनांचे भांडण थांबले तेव्हा लोकांस आपले घरचे भांडण ऐकू येऊ लागले.

आता ज्या घरासाठी ही बखर लिहिली तेथे येतो. राज्याचे उत्तरेस एका कसब्यात बयाजी ढवळे नामे म्हातारा होता. शाळेत घंटा देण्याचे कामी जन्म गेला, त्यामुळे कान जड जाहले. मुलगा लष्करात, दूर सरहद्दीवर. घरी सून कौसल्या आणि तिची लहान लेकरे. म्हाताऱ्यास पेटीची आवड, परंतु ऐकू कमी येई म्हणोन पेटीस चिकटून बसे, आणि त्याचे मुंडासे चित्राच्या मध्यावर येई. संपाचे आदले सायंकाळी मालिकेत काही तरी मोठे घडावयाचे होते, कौसल्या दिवसभर शिवणयंत्रावर राबून आली होती, धाकट्यास ताप, कुकरची शिटी बिघडलेली, आणि ऐन वेळी म्हाताऱ्याचे मुंडासे आडवे आले. तिच्या तोंडून गेले, ‘आबा, सारखं मधे मधे काय येताय? जरा बाजूला व्हा की!’ मोठ्याने बोलली, कारण हळू बोललेले त्यास ऐकू येत नसे. म्हातारा बाजूला जाहला. मग उठून ओसरीवर गेला. मग चप्पल घातली. मालिका संपल्यावर कौसल्येने ताट वाढून हाक मारिली तो ओसरी रिकामी.

तिने आड पाहिला, मळे पाहिले, नणंदेकडे माणूस धाडिले, पारावरचे निजलेले म्हातारे उठवून पाहिले. नवऱ्यास काय कळवावे हे सुचेना. तो जाताना एवढेच बोलला होता, ‘आबांकडं बघ,’ आणि तिने ऐसे पाहिले. शेवटी चावडीवर फौजदार म्हणाले, ‘बाई, टीव्हीवर हरवलेल्यांचे फोटो दाखवतात. तिकडं जावा, त्याशिवाय काय खरं नाही.’ म्हणोन लेकरे चुलत जावेकडे ठेवून, म्हाताऱ्याची सेवानिवृत्तीच्या समारंभातील तसबीर घेऊन, गळ्यात हार, हातात नारळ आणि चेहऱ्यावर फोटोवाल्यावरचा राग ऐशी ती तसबीर, एस्टी बदलत बदलत कौसल्या मनोऱ्याचे फाटकाशी आली, आणि पाहते तो फाटकावर लाल फडकी, आणि मंडळी खाली बसलेली.

‘दादा, फोटो दाखवायचा होता. सासरे हरवलेत.’

सर्जेरावांनी तसबीर हाती घेतली, पाहिली, तिजवरची एस्टीची धूळ पुसली. मग म्हणाले, ‘ताई, संप आहे. आत काम करणारं कुणी नाही. आम्ही आत गेलो तर संप मोडला, आणि संप मोडला तर हा माणूस गेला,’ म्हणोन दिगंबरकडे बोट केले. दिगंबर मान खाली घालून चहाचा पेला उगाच फिरवीत बसला.

कौसल्या म्हणाली, ‘तुमचं खरं आहे, दादा. माझी तक्रार नाही. पण तो माणूस माझ्या तोंडामुळं गेला. मी म्हटलं मधे येऊ नका. मला त्यांची माफी मागायची आहे, आणि माफी मागायला माणूस तर समोर पाहिजे ना?’ ऐसे बोलून तेथेच मातीत बसली. रडली नाही, रडती तर मंडळींस सोपे गेले असते.

मग सर्जेराव उठले आणि विचार करून बोलिले की, ‘आमचा माणूस आत जाणार नाही. पण फोटो काय युनियनचा सभासद नाही. फोटोला संप लागू नाही. ताई, तुम्ही आत जा आणि फोटो खांबेटे साहेबांच्या हातात द्या. फाटक उघडा रे!’ आणि संपवाल्यांनी आपले हाताने बंद केलेले फाटक आपले हाताने उघडले. आम्ही म्हणतो, येथेच प्रथम हात जोडावे. पोटावर पाय येत असता दुसऱ्याचे दुःख कळणे हे मोठ्या मोठ्या सरदारांस जमले नाही.

आत दोघे अंमलदार कंटाळून घरी गेले होते आणि अच्युतराव किल्लेदार एकटे खुर्चीवर पाटीची राखण करीत बसले होते. कौसल्येचे बोलणे ऐकून ते कळवळले, कारण माणूस भला हे मागेच लिहिले आहे. म्हणाले, ‘बाई, काळजी करू नका, आत्ताच्या आत्ता दाखवतो, निवेदन मी स्वतः करतो.’ परंतु दाखवावयाचे कोठे? कॅमेरा चालू तो एकच, आणि तो पाटीकडे रोखलेला, आणि त्यास हलविण्याची हिंमत होईना. पाटी काढून तसबीर ठेवावी तर तसबीर लहान, घडवंचीवरून घसरे. तेव्हा अच्युतरावांनी कचेरीतील डिंकाची बाटली आणिली आणि पाटीच्या वरचे अंगास मोकळ्या जागी तसबीर चिकटविली. आणि मेजावरचा माइक जवळ ओढून, कोट नीट करून, शुद्ध वाणीने नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे, हरवल्याचे ठिकाण आणि कळविण्याचा पत्ता ऐसे सर्व निवेदन केले, आणि शेवटी स्वतःचे मनाने चार ओळी घातल्या की वृद्धांचा मान राखणे ही आपली परंपरा आहे. कौसल्या दारात उभी राहून ऐकत होती, तिचे डोळे भरून आले. एवढेच की सर्जेरावांची कळ खाली होती. शब्द माइकात गेला आणि तेथेच राहिला.

बाहेर टपरीवर मंडळींनी काय पाहिले? पेटीवर हार घातलेला रागीट म्हातारा, आणि त्याचे खाली, ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’. आवाज नाही. हौसाबाई म्हणाली, ‘अगं बया, ह्यांनी ओ कसला व्यत्यय आणला?’

आणि हाच प्रश्न सारे राज्यात पडला. म्हातारा दिसतो, तो क्षमा मागतो, आणि चेहरा तर ऐसा की क्षमा मागावयास मुळीच राजी नाही. कोणी म्हणाले संप यानेच केला. कोणी म्हणाले तार यानेच तोडली, बैलाचे उगाच नाव. अन्य दिवशी हरवलेल्या माणसाची तसबीर पेटीवर डोळा लवेतो टिके, आणि त्या वेळी लोक पोळ्यांवर असत. परंतु आता दुसरे काहीच नव्हते, म्हणोन राज्य दिवेलागणीपासोन त्या एका चेहऱ्याकडे पाहात बसले, आणि पाहता पाहता त्याची माया लागली. लोक त्यास क्षमस्वबाबा म्हणू लागले. बायका पेटी बंद करताना म्हणत, ‘बाबा, झोपा आता.’ प्रधानजींच्या मातोश्री तर जेवणाचे ताट घेऊन पेटीपुढे बसत आणि म्हणत, ‘बिचारा किती वेळचा उभा आहे, कोणी क्षमा करीना का!’

इकडे टपरीवर थांबलेल्या कौसल्येस आवाज गेला नाही हे सांगावयाचा कोणास धीर जाहला नाही, तो निवेदनाचे दुसरे दिवशी अच्युतराव मोठ्या समाधानाने फाटकाशी येऊन विचारते जाहले, ‘कसे झाले माझे निवेदन?’ सर्जेराव खाली मान घालून म्हणाले, ‘साहेब, कळ वर केली होती का?’ ‘कोणती कळ?’ म्हणाले अच्युतराव. मग जे कळावयाचे ते कळले, आणि त्या भल्या माणसाचे तोंड इतके उतरले की संपवाल्यांनी त्यांस चहा दिला. परंतु कौसल्या पांढरी पडली. सारे राज्यास चेहरा पाठ, आणि म्हातारा कोणाचा, कळवावे कोठे, हे कोणासच ठाऊक नाही. अच्युतराव म्हणाले तसबीर काढून नीट करतो. परंतु डिंक सरकारी, निघेना, ओढावे तर म्हाताऱ्याचा कान फाटतो. म्हणाले कळ दाखवा, मी पुन्हा बोलतो. परंतु कळ दाखविणे म्हणजे काम. पाटीवर पत्ता लिहावा तर पांढरा रंग आणि कुंचला धरील ऐसा हात एकच, तो निलंबित.

तेव्हा टपरीवर सभा बसली. कॅमेऱ्यावरचे नारायण बोडस, स्वभावे तिखट, ते म्हणाले, ‘आज पत्ता लिहू, उद्या म्हणतील बातम्या लिहा. हात लागायचा नाही असं आपणच ठरवलं. प्रधानजी म्हणतील, निलंबित माणूस फुकट काम करतोय, मग घ्यायचा कशाला परत?’ आणि बोडसांचे म्हणणे खोटे नव्हते, हे बखरीत लिहिणे प्राप्त आहे. सर्जेराव दोहींकडून अडकले. मग दिगंबर जिनगर, जो संपाचे आरंभापासोन एक शब्द बोलिला नव्हता, तो उठून उभा राहिला.

‘माझ्यासाठी तुम्ही उन्हात बसलाय,’ तो म्हणाला. ‘मी तुमचा शब्द मोडणार नाही. पण विचारतो. ह्या अक्षरानं माझी नोकरी गेली. त्याच अक्षरानं कुणाचा म्हातारा घरी येत असेल, आणि मी हात खिशात घालून बसलो, तर उद्या नोकरी मिळून मी ह्या हातानं काय लिहू? संप मोडला तर माझ्यामुळं मोडला म्हणा. एक ओळ लिहू द्या.’

सर्जेराव म्हणाले, ‘हात वर करा.’ सर्वांचे हात वर जाहले, आणि बोडसांचा सर्वांत आधी. मग अच्युतराव स्वतः पाटी उचलून फाटकाशी घेऊन आले, आणि तेवढा वेळ राज्यास रिकामी घडवंची आणि खुंटीवरचा किल्लेदारांचा कोट दिसला, आणि घरोघर एकच हाहाकार उडाला की बाबा गेले, बाबा गेले. दिगंबरने हौसाबाईचे बाकावर पाटी ठेविली, कुंचला ओला केला आणि खाली एक ओळ लिहिली, ‘पाहिल्यास कळवा: मनोऱ्याचे फाटक, हौसाबाईची टपरी’. शेवटचा काना वाकडा आला. तेवढा एक वाकडा काना त्याचे सारे आयुष्यात. मग पाटी आत गेली, बाबा परत दिसू लागले, आणि राज्याचा जीव भांड्यात पडला.

पुढे फाटकाशी जी रीघ लागली तिचे वर्णन किती करावे! क्षमस्वबाबास पाहिले म्हणोन सांगावयास लोक खेड्यापाड्यांतून येऊ लागले, आणि रिकामे हाताने कसे यावे म्हणोन कोणी पेरू आणिले, कोणी शेंगा, कोणी पिठले भाकरी, आणि संपवाल्यांस कळले की आपण उपाशी मरत नाही. कोणी बाबास बाजारात पाहिले होते, कोणी स्वप्नात. एका गावाने एक म्हातारा धरून आणिला, तो तमाशातील निवृत्त सोंगाड्या निघाला, त्याने टपरीवर फार हसविले आणि परत जाईना. दुसऱ्या गावाने आपलाच एक नकोसा म्हातारा आणून सोडला आणि म्हणाले, ‘हेच का बघा, नसले तरी ठेवून घ्या.’ त्यास कौसल्येने जेवू घातले आणि त्या गावकऱ्यांस ऐसे झाडले की ते म्हाताऱ्यास खांद्यावर घेऊन परत गेले. जो येई त्याचे तोंडाकडे ती पाही, आणि नाही म्हटले की हौसाबाईची भांडी घासू लागे. संपवाले तिला म्हणत, ‘वहिनी, राहू द्या,’ तर म्हणे, ‘हाताला काम असू द्या, दादा, न्हाईतर डोकं फुटंल.’

इकडे बयाजी ढवळे कोठे होता? तो नदीकाठी एका आडगावी, महादेवाचे देवळात, आरतीस घंटा देत होता. पुजाऱ्याने पाहिले की म्हातारा घंटा ठेक्यात देतो, म्हणोन दोन वेळचा प्रसाद लावून दिला. म्हातारा सुखात होता ऐसे म्हणवत नाही, परंतु येथे त्यास कोणी बाजूला व्हा म्हणत नसे. एक दिवस दाढी करावयास रंगनाथ न्हाव्याकडे गेला, तेथे पेटी, पेटीवर आपणच. म्हाताऱ्याने झटदिशी टॉवेल तोंडावर ओढिला. त्याचे मनात आले, शोधतात, तर येथून उठावे, नदी ओलांडून पलीकडे जावे. सारी बखर लिहून आमचे ध्यानात येते ते हे, की नुसती तसबीर असती, नाव असते, अच्युतरावांचे शुद्ध निवेदन ऐकू आले असते, तर म्हातारा त्याच दिवशी नदीपार होता. परंतु चोरून पाहता पाहता त्याने खालची अक्षरे जुळविली. जोडाक्षरे कठीण, तरी शाळेत जन्म काढलेला.

‘रंगनाथा, क्षमस्व म्हणजे माफी, ते कळलं. पण ते व्यत्यय म्हणजे काय रे?’

‘व्यत्यय? मधे येणं. कुणाच्या कामात, बघण्यात मधे मधे येणं.’

म्हातारा अर्धी दाढी तशीच ठेवून उठला. त्याचे अंगाचा संताप जाहला. मधे आलो म्हणोन घरातून गेलो ते गेलो, आता माझीच तसबीर लावून, माझ्याच नावाने, साऱ्या मुलखापुढे मलाच माफी मागावयास लाविली? खालचा पत्ता त्याने मुखोद्गत केला, पुजाऱ्यास रामराम घातला आणि निघाला. एस्टीत लोकांनी त्यास ओळखिले, उठून जागा दिली, पाया पडले, म्हणाले, ‘बाबा, आमची क्षमा आहे तुम्हाला!’ तसा तो अधिकच भडके.

आणि ऐन दुपारी, फाटकाशी मंडळी शेंगा सोलीत बसली असता, एक अर्धी दाढी केलेला म्हातारा काठी आपटीत आला आणि ओरडला, ‘कोण आहे तो माझ्या नावानं माफी मागणारा? मी काय केलंय? पुढं या!’ मंडळी चित्रासारखी बसली. अच्युतराव आतून धावत आले, म्हणाले, ‘आजोबा, चूक माझी, डिंक मी लावला.’ दिगंबर म्हणाला, ‘अक्षर माझं.’ सर्जेराव म्हणाले, ‘आवाज गेला नाही तो माझ्यामुळं.’ म्हातारा प्रत्येकाकडे पाही आणि त्यास काही कळेना, कारण ऐकू कमी येत होते. तेव्हा टपरीमागून कौसल्या भांड्यांचे राखेचे हात तसेच घेऊन आली, त्याचेपुढे उभी राहिली, आणि जितक्या मोठ्याने त्या सायंकाळी बोलली होती तितक्याच मोठ्याने, साऱ्या फाटकास ऐकू जाईल ऐसे बोलली:

‘आबा, ती माफी तुमची न्हाई. फोटो तुमचा, माफी माझी!’

म्हाताऱ्यास हे शब्द ऐकू आले. त्याने फाटकाकडे पाहिले, लाल फडक्यांकडे पाहिले, पेटीतील आपले रागीट तोंडाकडे पाहिले आणि विचारिले, ‘एवढ्या मोठ्यानं मागितलीस? सगळ्या राज्याला दिसंल अशी?’ ती हो म्हणाली. मग म्हातारा तिच्या राखेच्या हातांकडे पाहात बोलिला, ‘धाकट्याचा ताप उतरला का?’ आणि तेव्हा कौसल्या रडली, इतके दिवसांचे सारे रडली, आणि मंडळींत ज्यांस दुसरे काही सुचले नाही ते शेंगांची टरफले गोळा करू लागले.

त्याच सायंकाळी अच्युतरावांनी प्रधानजींस टिपण धाडिले, आणि जन्मात प्रथमच चार ओळींचे धाडिले, की पाटी चुकीचे वेळी लागणे हा गुन्हा असेल तर तो मीही केला आहे, सबब दिगंबर जिनगर यांस कामावर घ्यावे किंवा मला त्यांचे शेजारी बसवावे, टपरीवर चहा चांगला मिळतो. प्रधानजी टिपण वाचून घुश्शात होते, तो मातोश्री आल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, तुझ्या भाषणात मला झोप लागली होती, ती पाटी आली तेव्हा जाग आली. लिहिणाऱ्याला घे परत. आणि बाबा घरी पोचले का ते आधी विचार.’ आईपुढे प्रधानकी चालत नाही. हुकूम निघाला, दिगंबर आत गेला, मंडळी आत गेली, सर्जेरावांनी कळ वर केली आणि पहिला शब्द राज्यास ऐकविला तो हा, की बयाजी ढवळे घरी सुखरूप आहेत. त्या वेळी गावोगाव फटाके वाजले. तसबिरीची पाटी अच्युतरावांनी स्वतः कौसल्येचे हाती दिली, डिंकासकट, आणि दिगंबरने चित्रकोटासाठी नवी लिहिली.

येणेप्रमाणे मनोऱ्याचा संप घडला आणि मिटला. सर्जेरावांनी फाटक उघडले, दिगंबरने ओळ लिहिली, बोडसांनी हात वर केला, हौसाबाईने चहा पुरविला, अच्युतरावांनी भलतीकडे डिंक लाविला, यांचे उपकार राज्यावर आहेत. ते कोणी मोजिले नाहीत म्हणोन येथे लिहिले, आणि त्या बैलाचेही लिहितो, कारण आरंभ त्याचा. ढवळ्यांचे घरी म्हातारा आजही पेटीस चिकटून बसतो आणि घरातली सारी त्याचे मुंडाशाच्या दोहों बाजूंनी पाहतात. राज्यात अजूनही तार तुटते, वारा सुटतो, पाटी लागते. आणि लागली की लोक भाजी परतावयास उठत नाहीत, आधी ओसरीवर जाऊन घरातले म्हातारे माणूस जागेवर आहे ना, ते पाहून येतात. इतके लिहून दौत उपडी केली.